उंचीचा रकाना

कॅमेऱ्याच्या टाळूवर, फ्लॅश बसवतात त्या खाचेत
काडेपेटीएवढा काळा डबा सरकवायचा,
एक बारीक वायर बगलेत खुपसायची
आणि उभं राहायचं.
उणे चोवीसमध्ये नुसतं उभं राहणं
हेही कामच आहे, नगरपालिका त्याचे पैसे देते.

लाल दिवा लुकलुकतो : शोधतोय.
हिरवा ठरला : सापडलं.
तोवर जादाची बॅटरी काखेत,
खुडूक कोंबडीसारखी मी गल्लीच्या तोंडाशी.

खाण आमच्या किरुनाच्या खाली शिरली आहे
लोखंडाच्या मागे मागे,
म्हणून गाव उचलून पूर्वेला न्यायचंय.
पाडण्याआधी प्रत्येक दाराचा फोटो,
प्रत्येक फोटोला अक्षांश, रेखांश, उंची,
म्हणजे पुढे कुणी विचारलं, कुठे होतं हे,
तर बोट ठेवता यावं.
कोण विचारणार, ते कंत्राटात लिहिलेलं नाही.

एक पिवळं घर मी पोचेतो ट्रकवर चढलं होतं.
त्याचे तीन फोटो, तीन पत्ते.

ताइमी केन्त्ताचं दार चारशे बारावं.
ती म्हणाली, बाहेरून काय काढतेस, आत ये.
मी म्हटलं, आत उपग्रह दिसत नाहीत.
मग खिडकीत काढ, म्हणाली, तिथे मलाही बरं दिसतं.
खिडकीच्या फळीवर कॅमेरा ठेवून
आम्ही दोघी दिव्याकडे बघत बसलो,
दूध उतू जाईल म्हणून बघावं तशा.
कॉफी झाली. हिरवा झाला.

काय लिहिलं त्याने?
मी पडद्यावरचं वाचून दाखवलं,
सदुसष्ट अंश, एकावन्न मिनिटं उत्तर,
पुढचं पूर्वेचं, आणि मग उंची,
समुद्रापासून पाचशे एकोणतीस मीटर.

तिने चष्मा लावला, आकडे पुन्हा स्वतः वाचले.
मग टेबलाखालच्या सतरंजीवर
पायाने हलकेच ठोकलं.
आल्गोत इथेच होता, म्हणाली.
तीस वर्षं, रात्रपाळीला. याच्या बरोब्बर खाली.
त्याच्या मुकादमाने एकदा नकाशावर
पेन्सिलीने दाखवलं होतं : ही तुझी चूल, हा त्याचा बोगदा.
दीड वाजता सुरुंग उडायचा,
फळीवरच्या कपबश्या किणकिणायच्या
आणि मी कूस बदलायची.

म्हणजे, तिने पहिल्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं,
हे दोन्ही आमचे एकच.
मी म्हटलं, हो.
फक्त हा तिसरा वेगळा.
हो.
त्याचा तिसरा किती, ते सांगेल का हे?
नाही, मी म्हटलं. खाली आकाश लागत नाही.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग बिस्किटं पुढे केली, आणि म्हणाली
लोक म्हणायचे, बिचारी रात्रीची एकटी असते.

ऑफिसात तक्ता भरताना
चारशे बारासमोर मी थांबले.
उंचीच्या रकान्यात एकच आकडा मावतो.
जो होता तोच ठेवला.

मार्चमध्ये तिच्या नव्या घरी गेले,
चौथा मजला, लिफ्ट, भिंतींना रंगाचा वास.
कपबश्या काचेच्या कपाटात, अगदी गप्प.
दारात उभी राहून ती म्हणाली, काढ पटकन, थंडी आत येते.
दिवा अजून लालच होता. मी काढला.

या डब्याची एक खोड आहे :
नवी जागा सापडेपर्यंत
शेवटची माहीत असलेली जागाच लिहून टाकतो.
मधे मी त्याला कुठे चालूच केलं नव्हतं.
त्यामुळे नव्या दारातली ताइमी
नोंदीत अजून जुन्या खिडकीपाशी आहे,
पाचशे एकोणतीस मीटरवर, खाली कुणीतरी असलेली.

साहेब दोनदा विचारून गेले.
दुरुस्ती बाकी आहे, मी सांगते,
जरा गर्दी आहे कामाची.